मंतू घरी करताना: रसाळ सारण, पातळ पारी आणि लसणाचा चक्का

प्रश्न थोडक्यात असा: मोदकपात्रात अफगाणी मंतू (मैद्याच्या पातळ पारीत खिमा भरून वाफवलेल्या पुड्या) करून पाहिले, पण पारी जाळीला चिकटून फाटली, आतलं मटण कोरडं आणि घट्ट झालं, वरून घातलेल्या दह्याने ताटभर पाणी सोडलं. शिवाय मोमोच्या तयार पाऱ्या चालतील का, आणि घरात मटण न खाणारे आहेत त्यांच्यासाठी काय करायचं, हेही विचारलं आहे.

मोदकपात्र अगदी योग्य आहे, ते बदलू नका. अफगाणिस्तानात मंतूसाठी दोन-तीन जाळ्यांचं उंच भांडं असतं. खाली पाणी, वर एकावर एक भोकांच्या थाळ्या, आणि त्यावर घट्ट झाकण. आपल्या मोदकपात्रात नेमकं हेच होतं, फक्त जाळी एकच असते. तुमच्या तिन्ही तक्रारी मला एकाच ठिकाणाहून आलेल्या दिसतात, आणि ते ठिकाण म्हणजे पाणी. मंतूच्या कणकेत पाणी कमी हवं, सारणातलं पाणी वाफवेपर्यंत आतच राहायला हवं आणि दह्यातलं पाणी आधीच निघून जायला हवं. हे तीन हिशेब जमले की मसाल्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी मंतू छान होतात.

मी हा पदार्थ पुण्यात शिकायला आलेल्या अफगाण मुलामुलींच्या भाड्याच्या घरांतल्या स्वयंपाकघरात शिकले, आणि आता इतरांना शिकवते. त्यामुळे इथल्या सामानात काय जमतं आणि काय जमत नाही, हे खात्रीने सांगू शकते.

आधी थोडं मंतूविषयी. मंतू मध्य आशियाच्या मोठ्या पट्ट्यातला पदार्थ आहे. उझबेक लोकांचे मंती आकाराने मोठे असतात. तुर्कस्तानातले अगदी लहान, पाण्यात उकळलेले आणि दह्यात घातलेले असतात. चीनच्या शिनजियांगमधल्या उइघुर घरांतही वाफवलेले मंता होतात. अफगाणिस्तानात उत्तरेकडे, मजार-ए-शरीफ, शिबरघान, कुंदुझ या बाजूला उझबेक आणि तुर्कमेन वस्ती मोठी आहे, तिकडे तर मंतू घरोघरी होतात. काबूलमध्येही पाहुण्यांसाठी आणि रमजानमध्ये इफ्तारला करतात. अफगाणी मंतूची खरी ओळख पडते ती ताटात: खाली लसूण घातलेला चक्का, त्यावर गरम मंतू, त्यावर खिमा-डाळीचा दाट कोर्मा आणि शेवटी चुरलेला सुका पुदिना. यातला एखादा थर गाळला तर उरतो तो नुसता उकडलेला मटणाचा मोदक. म्हणून वेळ थोडा असेल तर मंतू कमी करा, पण थर सगळे करा.

आता सारण. तुमचं मटण कोरडं का झालं, याचा मला अंदाज आहे. बहुतेक तुम्ही खिमा कढईत परतून, पाणी आटवून घेतला असणार. मोदकाच्या किंवा करंजीच्या सारणाची सवय असली की हात आपोआप तिकडेच जातो. मंतूत कच्चा खिमा आणि कच्चा कांदा भरायचा. वाफेत कांदा पाणी सोडतो, चरबी वितळते, मांस त्यातच शिजतं आणि पारीच्या तळाशी चमचाभर रस साठतो. हा रस म्हणजेच मंतूची चव. काबूलच्या अनेक घरांत खिमा आधी शिजवून भरतात, आणि त्यांनाही त्यांची पद्धत प्रिय आहे. तसं करायचं असेल तर खिम्यातलं पाणी पूर्ण आटवू नका, आणि निम्मा कांदा गॅस बंद केल्यावर कच्चाच मिसळा. माझं मत मात्र कच्च्या सारणाच्या बाजूने आहे.

चाळीसेक मंतूंसाठी, म्हणजे चार-पाच माणसांसाठी, २५० ग्रॅम खिमा आणि ३०० ग्रॅम सोललेला कांदा घ्या. हो, मांसापेक्षा कांदा जास्त. पहिल्यांदा करणाऱ्या प्रत्येकाला हे प्रमाण चुकीचं छापलंय असं वाटतं. पण कांदा अर्ध्यावर आणलात तर सारणाचा गोळा बसणारच. आणि तो सुरीने, साबुदाण्याएवढा चिरायचा. विळीवर सवय असेल तर विळीवर, पण मिक्सरमध्ये मुळीच नाही. मिक्सरमध्ये कांद्याच्या पेशी फुटतात, पाणी भांड्यातच सुटतं, उग्र वास येतो आणि तीच ओल पारी फाडते.

खाटकाकडे खिमा यंत्रातून काढून न घेता सत्तुराने तोडून मागा, मांडीचा किंवा खांद्याचा. यंत्रातून दोनदा काढलेला खिमा चिकट पेस्ट होतो आणि शिजल्यावर रबरासारखा लागतो. आपल्याकडे मटण बोकडाचं असतं, आणि बोकडाच्या मांसात चरबी कमी. अफगाणिस्तानात मेंढीचं मांस वापरतात, त्यातही जाड शेपटीच्या दुंब्याची चरबी सारणात घालतात. तेव्हा खाटकाला ४०-५० ग्रॅम चरबी वेगळी द्यायला सांगा आणि ती घरी बारीक चिरून खिम्यात मिसळा. चरबी नको असेल तर दोन चमचे तूप चालतं, पण चवीत फरक पडतो.

मसाला अगदी मोजका: दीड चमचा जाडसर कुटलेले धणे, एक चमचा जिरे, एक चमचा काळी मिरी, आवडत असेल तर एखादी हिरवी मिरची. आलं-लसणाचं वाटण, गरम मसाला, कांदा-लसूण मसाला यांतलं काहीही नको. लसूण चक्क्यात येणार आहे आणि तिखट वरून येणार आहे. मांस आणि कांद्याची गोडी आत मोकळी राहू द्या. मीठ मात्र अगदी शेवटी, पाऱ्या लाटून तयार झाल्यावरच घालायचं. आधी मीठ घालून सारण अर्धा तास ठेवलंत तर भांड्याच्या तळाशी पाणीच पाणी होतं. एकदम सगळ्या सारणाला मीठ लावण्यापेक्षा दोन हप्त्यांत लावा. निम्मं भरून झालं की उरलेल्याला.

पारीसाठी ३०० ग्रॅम मैदा, पाऊण चमचा मीठ आणि साधारण १५० मिलिलिटर पाणी. काही घरांत एक अंडं घालतात, मग पाणी तेवढं कमी करायचं. अंड्याने पारीला बळ येतं, नवशिक्यांनी जरूर घालावं. पोळीची कणीक यात वापरू नका, कोंड्याचे कण पातळ पारीला आतून चिरतात. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट असतं. पहिली पाच मिनिटं ते गोळा व्हायलाच तयार नसतं, कोरडं, तुटक वाटतं, आणि तिथेच बहुतेक जण पाणी वाढवतात. वाढवू नका. जमेल तेवढं एकत्र करून ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं ठेवा आणि मग पुन्हा मळा. तेच पीठ एकदम गुळगुळीत होतं. त्यानंतर आणखी किमान अर्धा तास झाकून ठेवायचं. या विश्रांतीत मैद्यातलं ग्लुटेन सैलावतं. न सैलावलेली पारी लाटल्यावर मागे सरकते, जाड राहते, आणि तुम्ही जोर लावला की नेमकी मध्यभागी विरते.

पिठाचे तीन-चार गोळे करा. एक लाटायला घ्या, बाकीचे झाकलेले राहू द्या. पोळपाट लहान पडतो, म्हणून ओट्यावरच लाटा. पोळी इतकी पातळ हवी की खाली ठेवलेल्या हाताची बोटं दिसावीत, साधारण एक मिलिमीटर. मग सुरीने सात-साडेसात सेंटिमीटरचे चौकोन पाडा. चौकोनात कातरण जवळजवळ उरत नाही, आणि पारी गोल असेल तर मंतूची घडी बसत नाही.

घडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मंतूचा रस तिथेच राहतो किंवा सांडतो. चौकोन डाव्या तळव्यावर घ्या, मध्ये दोन छोटे चमचे सारण. समोरासमोरची दोन टोकं वर आणून चिमटा, मग उरलेली दोन टोकं त्याच चिमट्यावर आणून बंद करा. आता चार बाजूंना चार फटी दिसतील आणि पुडीला चार कोपरे असतील. शेजारशेजारचे दोन कोपरे वाकवून एकमेकांना चिकटवा, दुसऱ्या बाजूचे दोन तसेच. आकार थोडा लांबट, दोन्ही कडांना कानांसारखे वळसे असलेला होतो. वरच्या फटी अर्धवट उघड्या राहिल्या तरी चालतं, उलट त्यातून वाफ बाहेर पडते आणि पारी फुटत नाही. तळ आणि बाजू मात्र अखंड हव्यात. बोटं कोरडी ठेवा. सारणाचं तेल कडेला लागलं तर कितीही दाबलंत तरी चिकटत नाही. म्हणून एका हाताने भरा आणि दुसऱ्या हाताने मिटा, किंवा दोघं मिळून बसा. अफगाण घरात हे काम कोणी एकटं करत नाही. बाया परातीभोवती बसतात, एक जण लाटते, एक जण भरते, बाकीच्या मिटतात, आणि बोलता बोलता शंभर-दीडशे मंतू होऊन जातात. एकट्याने करणार असाल तर तयार मंतू फडक्याखाली झाका, पंख्याखाली कडा लगेच सुकतात.

आता चिकटण्याचा प्रश्न. जाळीला नुसतं तेल पुसून भागत नाही, ते वाफेने धुऊन जातं. एका बशीत तेल घ्या आणि प्रत्येक मंतूचा तळ त्यात टेकवून मगच जाळीवर ठेवा. मध्ये एक बोटभर जागा सोडा, कारण पारी फुगते आणि दोन मंतू एकमेकांना चिकटले की काढताना एकाचा रस गेलाच म्हणून समजा. केळीचं पान ठेवलंत तर चिकटत नाहीत हे खरं, पण वाफेची भोकं झाकली जाऊन तळ पिठूळ राहतो. ठेवायचंच असेल तर पानाला भरपूर भोकं पाडा.

ठेवून झाले की वरून हाताने गार पाण्याचा हलका शिपका मारा. कोकणात मोदक वाफवण्याआधी पाण्यात बुडवून काढतात, त्यामागचं कारणही तेच: पारीवरचं कोरडं पीठ ओलं झालं नाही तर ते तसंच पांढरं, कडक राहतं. खालचं पाणी आधीच खळखळ उकळत असायला हवं. झाकणाला पंचा बांधा, म्हणजे वाफेचे थेंब मंतूवर टपकणार नाहीत. ते टपकले की पारी लगदा होऊन फाटते, आणि तुमच्या फाटलेल्या पाऱ्यांमागे हेही एक कारण असण्याची दाट शक्यता आहे.

वेळेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. काबूलच्या पाककृतींत पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ लिहिलेला आढळतो. काबूल समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंच आहे. तिथे पाणी ९४ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, म्हणजे वाफही तेवढीच गरम. मुंबईत ती १०० अंशांची असते, पुण्यात ९८ च्या जवळपास. त्यामुळे कच्च्या सारणाचे मंतू आपल्याकडे मोठ्या आचेवर ३० ते ३५ मिनिटांत होतात. तेवढ्यासाठी प्रेशर कुकर वापरलात तर शिट्टी काढूनच वापरा. दाब आला की पारी भिजून गळते. मध्ये झाकण उघडून पाहू नका, वीस मिनिटांच्या आत तर नाहीच. झालेली पारी किंचित पारदर्शक दिसते आणि आतल्या सारणाचा रंग बाहेरून कळतो. एक फोडून पाहा: मांस गुलाबी नसावं, कांदा मऊ पण शाबूत असावा, आणि बशीत रस उतरावा.

मंतू वाफेवर असताना कोर्मा होऊन जातो. त्यासाठी ५० ग्रॅम हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून ठेवा आणि वेगळी शिजवा. बोटाने दाबल्यावर मऊ लागली पाहिजे, पण दाणा मोडता कामा नये. एक कांदा तेलात बदामी करा, १०० ग्रॅम खिमा घालून मोकळा होईपर्यंत परता, मग दोन टोमॅटो किसून, अर्धा चमचा हळद, धणेपूड, मिरपूड, मीठ. टोमॅटो आटून कडेने तेल सुटलं की डाळ आणि अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. तेलात काटकसर करू नका. वर तांबूस तर्री यायला हवी, चक्क्यावर तिचे ओघळ उतरतात तेव्हाच ताट मंतूचं दिसतं. कोर्मा चमच्याने वाढता येईल इतका दाट ठेवा.

आणि दही. तुमच्या ताटात पाणी सुटलं, कारण दही नुसतं घुसळून घातलं. अफगाण लोकही दही फडक्यात टांगून चक्काच करतात, आणि त्याला ‘चका’ म्हणतात. पाऊण किलो साईचं, आंबट नसलेलं दही पंचात बांधून दोन-तीन तास टांगा. श्रीखंडाला लागतो तेवढा कोरडा चक्का इथे नको, पळीतून जाड धारेने पडेल असा हवा. लसणाच्या तीन पाकळ्या मिठाबरोबर खलबत्त्यात अगदी लोण्यासारख्या कुटून त्यात फेटा आणि अर्धा तास ठेवा, म्हणजे लसणाचा कच्चा उग्रपणा निवतो. साखर घालू नका. फ्रिजमधला थंडगार चक्काही घालू नका, मंतू क्षणात गार होतात आणि चरबी टाळूला चिकटते. जुन्या पद्धतीत याच्या जागी कुरुत असतो: ताकातला घट्ट भाग मीठ लावून गोळे करून वाळवलेला, दगडासारखा कडक. तो कोमट पाण्यात भिजवून खरबरीत मातीच्या भांड्यात घासून विरघळवतात. चव जास्त खारट, जास्त आंबट, आणि एकदा आवडली की साधं दही मिळमिळीत वाटतं. आपल्या बाजारात कुरुत दिसत नाही. दिल्लीला जाणं झालं तर लाजपतनगरच्या अफगाणी दुकानांत विचारून पाहा.

वाढताना ताट गरम असू द्या. निम्मा चक्का तळाला पसरा, त्यावर मंतू एका थरात लावा, उरलेला चक्का मधेमधे सोडा, कोर्मा घाला, सुका पुदिना दोन तळव्यांत चुरून भुरभुरवा आणि वर चिमूटभर ब्याडगीची पूड. पुदिना सुकाच हवा. ताज्या पुदिन्याने मंतूला चटणीचा वास येतो. पानं सावलीत तीन-चार दिवस वाळवली की झालं. ओली कोथिंबीर थोडी चालते, अफगाण लोकही घालतात.

मोमोच्या किंवा वाँटनच्या तयार पाऱ्यांबद्दल म्हणाल तर खुशाल वापरा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये, जिथे अफगाण कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तिथल्या बऱ्याच गृहिणी वाँटनच्याच पाऱ्या वापरतात आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नाही. पारी पातळ असल्याने कडांना पाण्याचं बोट लावून मिटा आणि सारण थोडं कमी भरा, मग २५ मिनिटं पुरतात. समोसापट्टी आणि स्प्रिंग रोलच्या शीट मात्र घेऊ नका. त्या तव्यावर आधीच अर्धवट भाजलेल्या असतात, चिमटून बंद होत नाहीत आणि वाफेत थरथर सुटतात.

मटण न खाणाऱ्यांसाठी मंतूत पनीर किंवा सोयाबीन भरण्यापेक्षा सरळ आशक करा. तोही अफगाणीच आणि मंतूच्याच तोडीचा. त्यात गंदना नावाची लांब, चपटी, कांदा-लसणाच्या मधल्या चवीची पात भरतात. आपल्याकडे पातीच्या कांद्याची हिरवी पात घ्या आणि थंडीत मिळणारी लसणाची पात त्यात पावपट मिसळा. बारीक चिरून मीठ, लाल तिखट आणि चमचाभर तेल लावून नुसती चोळा, सुटलेलं पाणी पिळून टाका. इथे मंतूच्या उलट नियम आहे, कारण आत रस धरायला मांस नाही. पारी गोल कापायची, अर्धचंद्र मिटायचा आणि उकळत्या खारट पाण्यात चार-पाच मिनिटं सोडायचा, वाफवायचा नाही. वरचे थर तेच, फक्त कोर्मा नुसत्या डाळ-टोमॅटोचा करा. अफगाण घरात आशकावरही बहुधा खिमाच येतो, पण डाळीचा कोर्माही त्यावर चांगला बसतो. उझबेक लोक लाल भोपळा आणि कांदा भरूनही मंती करतात. भोपळा बारीक चिरून, भरपूर मिरपूड आणि थोडं लोणी घालून केलात तर २० मिनिटांत होतो. मुलांना तो फार आवडतो.

जास्त केले असतील तर कच्चेच गोठवा. पिठी लावलेल्या ताटात सुटेसुटे ठेवून कडक झाले की पिशवीत भरा. वाफवताना बर्फ उतरू न देता थेट जाळीवर ठेवा आणि वेळ आठ-दहा मिनिटं वाढवा. आधी बाहेर काढून ठेवलेत तर कांद्याचं पाणी सुटून तळ फाटतो. शिजलेले उरले तर चक्का आणि कोर्मा वेगळे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मंतू पाच मिनिटं पुन्हा वाफेवर धरा. मायक्रोवेव्हमध्ये त्यांच्या कडा चिवट होतात.